एकांताची भाकरी

२०११च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला ५०४ माणसं मोजली गेली. हिमाचल प्रदेशातल्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात मोजली गेली २. क्षेत्रफळाने तो जिल्हा आपल्या जिल्ह्याच्या पावणेदोन पटीहून मोठा आणि एकूण वस्ती फक्त ३१,५६४. राजारामपुरीत वाढलेल्या माणसाला हे चित्र डोळ्यांपुढे आणणं जड जातं. इथे गल्ल्यांना आकड्यांची नावं आहेत, घराला घर लागून आहे, आणि गणपतीच्या आगमनाची मिरवणूक मेन रोडवरून निघाली की खिडक्यांच्या काचा थरथरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. त्या रात्री ती कुणाच्या लक्षातही नसते. म्हणून दर उन्हाळ्यात आमच्याकडची तरणी पोरं गाड्या काढून स्पितीला निघतात, चार दिवस शांतता मिळावी एवढीच त्यांची इच्छा असते. परत आल्यावर मी त्यांना आवर्जून विचारतो, मिळाली का? पुष्कळांना मिळालेली नसते. दोष त्यांच्या मनाचा नसतो, प्रवासाच्या आखणीचा असतो.

जुलै २०२३ची गोष्ट घ्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० मीटरवर असलेल्या चंद्रताल सरोवराजवळ अवेळी बर्फ पडलं, रस्ता बंद झाला आणि तिथल्या तंबूंत सुमारे तीनशे पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले. कुंझुम खिंडीतलं बर्फ यंत्रांनी हटवून त्यांना बाहेर काढावं लागलं. जवळपास एकही कायमचं गाव नसलेल्या जागी एका वेळी तीनशे माणसं! दोन माणसांच्या सरासरीचा त्यांना काय उपयोग? सगळे एकाच रस्त्याने येतात, त्याच चार ठिकाणी उतरतात, दुसऱ्या दिवशी पुढे सरकतात. उरलेली सगळी दरी रिकामीच असते.

ती रिकामी का आहे, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण त्याचा छोटा नमुना आपल्याच जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या कड्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळला पाचशेच्या आसपास. ढग डोंगर चढताना रिते होतात आणि पलीकडे कोरडं वारं उतरतं. स्पितीच्या वाटेत धौलाधार, पीर पंजाल आणि मुख्य हिमालय अशा एकामागून एक रांगा उभ्या आहेत. मान्सून तिथवर पोचतो तेव्हा त्याच्याकडे देण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. दरीला जे पाणी मिळतं ते मुख्यतः हिवाळ्यातल्या बर्फाचं. उन्हाळ्यात ते वितळून ओढ्यांतून खाली येतं, आणि ओढा जिथे डोंगरातून बाहेर पडून गाळाचा पंखा पसरतो तिथेच गाव वसतं. दोन गावांमधलं अंतर असं पाण्याने ठरवलेलं आहे. शेतं पाटाच्या पाण्यावर, वर्षाला एकच पीक. सातू आणि वाटाणा ही मुख्य.

गाव वाढू नये याची सोयही जुन्या लोकांनी करून ठेवली होती. जमीन थोरल्या मुलाकडे जायची, तिची वाटणी व्हायची नाही, आणि धाकटी मुलं बहुधा गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, भिक्खू व्हायची. इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा गोंपा, तसेच ‘की’ आणि धनकर इथले गोंपे हे सगळे या व्यवस्थेला धरून उभे राहिले. ताबोच्या वरच्या कड्यात कोरलेल्या गुहा आजही खालून दिसतात. भिक्खू तिथे जाऊन राहत. आपल्याला जो एकांत निसर्गाने आयता दिलेला वाटतो त्याच्यामागे पाण्याचा आणि जमिनीचा असा काटेकोर हिशेब आहे.

आता तिथल्या शांततेविषयी. पहिल्यांदा गेलेला माणूस सांगतो की कानात काहीतरी भरल्यासारखं वाटतं. सपाटीवर आपल्याला जी शांतता वाटते तिच्यात पानांची सळसळ, किडे, पक्षी, दूरची वाहतूक असं कितीतरी मिसळलेलं असतं. चार हजार मीटरवरच्या कोरड्या उतारावर झाड नाही, म्हणून पान नाही. गवत तुरळक, म्हणून किडेही तुरळक. त्यात हवा विरळ असल्यामुळे कुठल्याही वस्तूच्या कंपनातून हवेत जाणारा आवाजही सपाटीपेक्षा थोडा क्षीण असतो. पार्श्वभूमी इतकी उतरली की मग आपलाच श्वास आणि आपलेच ठोके ऐकू येतात. तेही उंचीमुळे वाढलेले असतात.

पण ही शांतता दिवसभर नसते, आणि हे माहीत नसलेल्यांची निराशा होते. सकाळी ऊन चढू लागलं की उघडे उतार तापतात, त्यांच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला खालून दरीभर वारा सुटतो. दुपारी तो असा वाहतो की बोललेलं शेजाऱ्याला ऐकू येत नाही. उन्हं कलल्यावर जोर ओसरतो. ज्याला निःशब्द दरी हवी त्याने सूर्य उगवल्यानंतरचे दोन-तीन तास राखून ठेवावेत. ओढेही सकाळी नमते असतात. दुपारपर्यंत बर्फ वितळून त्यांचं पाणी चढतं, म्हणून ओलांडायचे तर सकाळीच.

डोळ्यांनाही तिथे नवी सवय लावावी लागते. आपल्याकडे हवेत बाष्प आणि धूळ असते, त्यामुळे लांबचा डोंगर निळसर, पुसट दिसतो. तो किती पुसट आहे यावरून आपण नकळत अंतर जोखतो. स्पितीत ती धूसरता जवळजवळ नाही आणि मापाला झाडही नाही. पाच कोसांवरचा कडा हाताशी आल्यासारखा दिसतो. समोरचं गाव तासाभरात गाठू म्हणून निघालेली माणसं सांजेपर्यंत चालत राहिल्याची उदाहरणं तिथल्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतात.

एवढं झाल्यावर शरीराकडे वळावं लागतं, कारण या प्रवासात शेवटचा शब्द त्याचाच असतो. कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे; इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या ९४ टक्के. काझा या स्पितीच्या मुख्य गावी, सुमारे ३,६५० मीटरवर, तो ६४ टक्क्यांवर येतो आणि साडेचार हजार मीटरच्या वर असलेल्या कोमिकला ५७ टक्क्यांवर. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, २१ टक्के. पण दाबच कमी असल्यामुळे दर श्वासात आत येणारा ऑक्सिजन कमी. शरीर लगेच श्वासाचा वेग वाढवतं. त्यातून एक चमत्कारिक अडचण उभी राहते. जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार निघून जातो, आणि श्वास घ्यायची आठवण मेंदूला तोच करून देत असतो. रात्री झोपेत मग श्वास काही सेकंद चक्क थांबतो आणि माणूस गुदमरून जागा होतो. मूत्रपिंडं रक्तातला अल्क बाहेर टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. यासाठी मिळणाऱ्या गोळीने मदत होते, तीही डॉक्टरांना विचारून घ्यावी. दिवस मात्र द्यावेच लागतात.

म्हणून मनालीमार्गे एका दिवसात काझा गाठण्याचा बेत मला चुकीचा वाटतो. मनाली दोन हजार मीटरवर, मधली कुंझुम खिंड साडेचार हजारांच्या वर. २०२० साली रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि हा झपाटा आणखी सोपा झाला. त्यापेक्षा शिमल्याहून किन्नौरमार्गे जावं. कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला थेट गाडी आहे, तिथून पुढे शिमला, मग कल्पा, नाको, ताबो असं पायरीपायरीने चढत काझा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं, असं पर्वतीय वैद्यकाचं सांगणं आहे. रस्त्यामुळे ते तंतोतंत जमत नाही, पण जमेल तेवढं पाळावं. न थांबणारी डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या तर वर जाणं बंद. चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर वेळ न दवडता खाली उतरणं, मग रात्र असली तरी.

इथे एकट्या प्रवाशाची खरी गोची आहे. विरळ हवेचा त्रास वाढतो तेव्हा पहिला घाला विचारशक्तीवर पडतो. आपण बडबडतोय, झोकांड्या खातोय, हे ज्याचं त्याला कळत नाही. ते दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसतं. स्पितीतले पहिले काही दिवस कुणाच्या तरी नजरेत राहून काढावेत, हा माझा आग्रह या एका कारणासाठी आहे.

मनाचीही काही तयारी लागते. २०१४ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं, हाताशी फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण. तो झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असं आधी म्हणालेल्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी नुसतं बसण्याऐवजी स्वतःला झटका देऊन घेतला. प्रयोग लहान होता, पण पहिल्या दिवशी एकट्याने डोंगरात बसलेल्या माणसाची चुळबूळ त्यातून समजते. खिशातला फोन चाचपणारा हात, उगाच काढलेले फोटो, उठून दुसऱ्या दगडावर जाऊन बसणं हे सगळं त्यातलंच. ते होऊ द्यावं. एका दिवसाच्या मुक्कामात ही चुळबूळ संपत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढे निघालेली असते.

याच्या अगदी पलीकडच्या टोकाची एक नोंद गिर्यारोहणाच्या इतिहासात आहे. १९३३ साली फ्रँक स्माइथ हे इंग्रज गिर्यारोहक जोडीदार मागे फिरल्यावर एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या आसपास एकटेच चढत होते. दोराला बांधलेलं कुणीतरी आपल्या मागून येतंय असं त्यांना सतत जाणवत होतं. खायला थांबले तेव्हा त्यांनी खिशातली पुदिन्याची वडी मोडली आणि अर्धी त्या सोबत्याला देण्यासाठी ते वळले. मागे कुणी नव्हतं. २००६ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूचा कानामागचा एक भाग सूक्ष्म विद्युतप्रवाहाने उद्दीपित केला, तेव्हा त्या रुग्णालाही आपल्या मागे सावलीसारखं माणूस असल्याचा भास झाला. स्पितीतल्या उंचीवर सहसा असं काही होत नाही. तरी स्माइथ यांची ती अर्धी वडी मला फार बोलकी वाटते. अगदी एकट्या माणसाच्या मनानेही सोबत निर्माण केली, आणि तिच्याशी पहिला व्यवहार केला तो खाणं वाटून घेण्याचा.

स्पितीच्या शेजारच्या, त्याच जिल्ह्यातल्या लाहौलमध्ये एक बाई बारा वर्षं गुहेत राहिली. लंडनमध्ये वाढलेल्या डायान पेरी १९६४ साली तिबेटी बौद्ध परंपरेत भिक्खुणी झाल्या, तेन्झिन पाल्मो हे नाव घेतलं, आणि पुढे लाहौलमधल्या एका गोंपात सहा वर्षं राहिल्या. तिथेही त्यांना माणसांची ये-जा जास्त वाटू लागली. १९७६ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, त्या सुमारे चार हजार मीटरवरच्या एका कपारीत राहायला गेल्या. खोली दहा फूट रुंद, सहा फूट खोल. रोज चार वेळा तीन-तीन तास ध्यान. झोपायला पलंग नाही. एका लाकडी चौकटीत बसूनच झोपायचं. उन्हाळ्यात गुहेसमोर बटाटे आणि सलगम लावायचे. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस-पस्तीस अंशांवर जायचा. एकदा हिमवादळात गुहा पूर्ण गाडली गेली तेव्हा भांड्याच्या झाकणाने बर्फ खणत त्या बाहेर आल्या. शेवटची तीन वर्षं त्यांनी कुणालाही न भेटता काढली. १९८८ मध्ये व्हिसा संपल्याचं सांगायला एक पोलीस गुहेपर्यंत चढून आला आणि तो एकांतवास संपला. कंटाळा आला नाही का, या प्रश्नाला त्यांनी नेहमी नाही असंच उत्तर दिलं आहे.

ही कथा सांगताना बहुतेक जण गुहा, बर्फ आणि ध्यान एवढंच सांगतात. मला तिच्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. त्या कपारीला पुढची भिंत घालायला, दार-खिडकी बसवायला लाहौली गावकरी होते. पीठ, डाळ, तांदूळ, रॉकेल वर चढवून देणारेही तेच. एका वर्षी ठरलेला शिधा पोचलाच नाही. तेव्हा कित्येक महिने त्यांना घासाघासाचा हिशेब ठेवून जगावं लागलं. इतका कडक एकांतसुद्धा खालच्या गावातल्या कुणाच्या तरी पाठीवरून वर येत होता.

हे आपल्याला नवीन नाही. तुकोबा देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर जाऊन बसत, आणि जिजाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढत असे, असं वारकरी परंपरा सांगते. भंडाऱ्यावरचा एकांत आपण तुकोबांच्या नावावर जमा करतो, आणि ते बरोबरही आहे. पण त्या चढाचा विचार केला की त्यात जिजाईचा वाटा किती, हे समजतं. सावंतवाडीकडच्या घराण्यातले, साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी फिरायला गेले, त्यावर त्यांनी गुजरातीत लिहिलेलं पुस्तक गाजलं. अंतर्मुख होण्यासाठी निघालेला हा माणूसही एकटा गेला नव्हता. स्वामी आनंद बरोबर होते.

म्हणून स्पितीत एकांत हवा असेल तर आधी एक घर शोधा, असं मी जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. काझ्याच्या हॉटेलात राहून रोज गाडीने नवं ठिकाण बघण्याऐवजी लांग्झा, हिक्किम, कोमिक, देमुल किंवा पिन खोऱ्यातलं मुद यांपैकी एका गावात घरगुती मुक्काम धरावा आणि तो हलवू नये. हिक्किमला टपाल कार्यालय आहे, सुमारे ४,४०० मीटरवर. पत्र टाकायला येणाऱ्यांची तिथे रांग लागते. पण त्या गाड्या तासाभरात येतात आणि जातात. संध्याकाळी पाचनंतर गाव गावाचं होतं. चार-पाच दिवस एकाच घरी राहिलं की दुसऱ्या दिवसापासून लोक आपल्याकडे बघायचे थांबतात, आणि आपणही बघण्याचं काम सोडून देतो. सकाळी चहा घेऊन निघावं, कुठल्या बाजूला जातोय आणि किती वाजता परत येणार हे घरातल्या बाईला सांगावं, आणि गावाची छपरं दिसत राहतील इतपतच लांब जावं. शरीर रुळल्यावर मग एका गावाहून दुसऱ्या गावी पायी जाता येतं; लांग्झा, हिक्किम आणि कोमिक ही काही किलोमीटरच्या अंतरावरची गावं त्यासाठी चांगली. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा हवाच, कारण दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. लहान मूल बरोबर असेल किंवा हृदयाचा, फुप्फुसांचा जुना आजार असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघूच नये.

फोनचं काय करायचं, हे आता ज्याचं त्याने ठरवायचं आहे. ताबोपासून जवळ ग्यू नावाचं गाव आहे. बसल्या अवस्थेत देह ठेवलेल्या सांघा तेन्झिन या भिक्खूचा, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचा मानला जाणारा सुकलेला देह तिथे जपलेला आहे. २०२४ साली त्याच ग्यूला पहिल्यांदा मोबाइल नेटवर्क पोचलं. गावकऱ्यांना त्याचा आनंद झाला, आणि तो योग्यच होता; अडल्यानडल्याला डॉक्टरला फोन लागणं ही तिथे जीव वाचवणारी गोष्ट आहे. दरी आपल्यासाठी तुटलेली राहावी अशी अपेक्षा धरण्याचा आपल्याला काही हक्क नाही. फोन बंद करून पोटमाळ्यावर ठेवण्याचा हक्क मात्र आहे.

ज्या घरी राहू तिथलं पाणी कुठून येतं हे पहिल्याच दिवशी पाहून घ्यावं. तिथले जुने संडास कोरडे असतात, वरून माती आणि राख टाकायची. तेच खत पुढे शेतात जातं. पाण्याचा संडास हवा, रोज गरम पाण्याची बादली हवी, असा हट्ट पर्यटक धरतात आणि ती बादली सातूच्या शेताच्या वाटणीतून जाते. ज्या वर्षी बर्फ कमी पडतं त्या वर्षी ही वाटणी आणखी तंग होते. प्लॅस्टिकची बाटली वर नेली तर ती परत खाली, शिमल्यापर्यंत आणावी. दरीत तिची विल्हेवाट लावायला जागा नाही. जेवायला जे शिजेल ते खावं. थुक्पा, वाटाण्याची उसळ, भाजलेल्या सातूचं पीठ. वर्षातल्या त्यांच्या एकमेव पिकाचं ते धान्य आहे आणि त्यातला वाटा ते आपल्याला देतात. मुक्कामाचे पैसे ठरल्याप्रमाणे द्यावेत, घासाघीस करू नये.